आरएच विसंगती : पहिल्याच बाळंतपणात करायचा प्रतिबंध

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा आरएच पॉझिटिव्ह असल्यास त्या स्थितीला आरएच विसंगती म्हणतात. पॉझिटिव्ह म्हणजे तांबड्या पेशींवर ‘डी’ हा प्रतिजन असणे. अशा बाळाला तो वडिलांकडून मिळतो. भारतात साधारण ५ टक्के लोक आरएच निगेटिव्ह आहेत.

विकार कसा होतो?

प्रसूतीत वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. आईचे शरीर डी प्रतिजनाला परका समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. याला काही आठवडे लागतात, म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते. पुढच्या गर्भारपणात मात्र ही प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे रक्तक्षय, तीव्र कावीळ, मेंदूला इजा किंवा पोटातच मृत्यू होऊ शकतो.

प्रतिबंध

१९६८ पासून यावर अँटी-डी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन उपलब्ध आहे. आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याआधीच ते दिले पाहिजे. एकदा तयार झालेली प्रतिपिंडे त्याने जात नाहीत. म्हणून आधी इनडायरेक्ट कूम्ब्ज चाचणी करतात. ती निगेटिव्ह असल्यास २८ व्या आठवड्यात एक मात्रा देतात. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरी मात्रा देतात. ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलीलिटर रक्ताला पुरते. गर्भपात झाल्यास किंवा गर्भारपणात पोटाला मार लागल्यासही इंजेक्शनची गरज पडू शकते.

एक उदाहरण

दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असलेले मलिहाबाद हे लखनौ जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. समजा, तिथल्या एका आरएच निगेटिव्ह स्त्रीची प्रसूती घरी झाली आणि बाळाचा रक्तगट पाचव्या दिवशी कळला. ७२ तास तर उलटून गेले. उशिरा दिलेल्या इंजेक्शनचाही काही उपयोग होऊ शकतो, म्हणून तिने लगेच दवाखाना गाठावा. पण तेवढी खात्री राहत नाही. तिचा गट तिसऱ्या महिन्यातच माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवला असता, तर प्रसूती कुठे करायची आणि इंजेक्शन कुठून आणायचे हे आधीच ठरले असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. रक्तगट माहीत नसल्यास तो तिथे तपासून घेता येतो.

विचार करा : आई आणि वडील दोघेही आरएच निगेटिव्ह असतील, तर हा धोका का उरत नाही?