लहान विमानांच्या इंजिनातील कार्ब्युरेटर व इंधनगळती : दोषशोधाची शास्त्रीय रीत

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्यास वैमानिक व्हावयाचे असते, त्याच्यासाठी उड्डाण प्रशिक्षणाचे एक जवळचे ठिकाण म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूर. तेथील नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यात सेसना १५२ ही दोन आसनी विमाने राहिली आहेत. या विमानाचे उत्पादन १९८५ साली थांबले. म्हणजेच आज आकाशात असलेले या जातीचे कोणतेही विमान किमान चाळीस वर्षांचे आहे, आणि त्याच्या इंजिनास इंधन पुरविणारे यंत्र अजूनही कार्ब्युरेटरच आहे. आपल्याकडील नव्या दुचाकींतून १ एप्रिल २०२० च्या उत्सर्जन नियमांनंतर कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे यापुढील विद्यार्थ्यांना तो पाहावयास मिळेलच असे नाही. प्रस्तुत लेखात या यंत्रातील इंधनगळतीचे मूळ कसे शोधावे, याचा विचार केला आहे.

रचना व कार्य :

सेसना १५२ मध्ये इंधनाच्या टाक्या पंखांत, म्हणजे इंजिनाच्या वर असतात. इंधन पंपाविना, केवळ गुरुत्वाने खाली येते. बंद करण्याचा कॉक व गाळणी यांतून ते कार्ब्युरेटरच्या वाडग्यात पोहोचते. वाडग्यात फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली की तो वर उचलला जातो व सुईसारखी झडप येणारे इंधन रोखते. आर्किमिडीजचे तत्त्व येथे दर मिनिटाला राबत असते. हवेच्या मार्गाचा गळा अरुंद असल्याने तेथे दाब घटतो व नळीच्या टोकातून इंधन ओढले जाते. विमान उभे असताना नळीच्या टोकापेक्षा वाडग्यातील पातळी किंचित खाली असावी लागते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कॉक उघडा असेल तर इंजिन बंद असतानाही वरच्या इंधनस्तंभाचा दाब सुईच्या झडपेवर कायम असतो. झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला, फ्लोट वाडग्याच्या भिंतीस घासू लागला अथवा त्यातच इंधन शिरून तो जड झाला, तर पातळी वाढतच जाते. जुन्या पोकळ धातूच्या फ्लोटला बारीक चीर पडत असे. नंतरचे काही प्लास्टिकचे फ्लोट इंधन शोषून घेत.

थेंब कोठे व केव्हा :

गळती किती आहे, याहून ती कोठे व केव्हा दिसते हे अधिक बोलके असते. ‘शंभर एलएल’ या विमान पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो. द्रव उडून गेला तरी रंग मागे राहतो. त्यामुळे निळसर डाग हा गळतीचा लेखी पुरावाच होय. काळपट, चिकट डाग मात्र बहुधा इंजिन ऑइलचा असतो.

डाग वाडग्याच्या सांध्यावर असेल तर गॅस्केट वा सैल स्क्रू, नळी जोडलेल्या ठिकाणी असेल तर जोडणी अथवा म्हातारे झालेले रबर, आणि थ्रॉटलच्या दांड्यापाशी असेल तर झिजलेले बुश संशयास्पद ठरते. शेवटच्या प्रकारात बाहेरची हवाही आत शिरते व इंजिन मंद गतीवर अडखळते. गाळणीच्या निचरा-झडपेत कण अडकल्यासही थेंब पडतात आणि दोष उगाच कार्ब्युरेटरच्या माथी येतो.

कार्ब्युरेटर इंजिनाच्या तळाशी असून त्यातील हवा वरच्या दिशेने जाते. म्हणून सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल पुनःपुन्हा दाबल्यास उडालेले इंधन खाली हवेच्या पेटीत साचते. ही गळती यंत्राची नव्हे, हाताची. परंतु याच साचलेल्या इंधनाने सुरू होताना आग लागू शकते. अशा वेळी स्टार्टरने इंजिन फिरवत ठेवून ज्वाला आत ओढून घ्यावयाची असते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी निरीक्षकास हमखास फसवितात. पहिली, इंजिन बंद केल्यावर वाऱ्याचा झोत थांबतो व तापलेल्या इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये शिरते. वाडग्यातील इंधनात बुडबुडे येऊन थोडे बाहेर ढकलले जाऊ शकते. ते काही मिनिटांत थांबते. सुईच्या झडपेचा दोष मात्र कॉक बंद करेपर्यंत थांबत नाही. दुसरी, काठोकाठ भरलेली टाकी. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते. दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे ९८ लिटर इंधन मावते. ते सकाळी २५ अंशांवर भरले व दुपारी ४५ अंशांवर गेले, तर जवळजवळ दोन लिटर इंधनास जागाच उरत नाही. ते डाव्या पंखाखालच्या हवानळीतून ठिबकते. तो दोष नव्हे. पंखाखालचा थेंब आणि नाकाखालचा थेंब यांत गल्लत होता कामा नये.

तपासणीचा क्रम :

प्रथम बाहेरील भाग स्वच्छ पुसून कोरडा करावा, खाली पांढरा कागद ठेवावा व इंजिन बंद ठेवून कॉक उघडावा. मग थांबावे. घाई येथेच नडते. थेंब न दिसल्यास इंजिन चालवून, मंद गतीवर मिश्रणाचा दांडा सावकाश बाहेर ओढावा. बंद पडण्यापूर्वी फेरे मिनिटाला ५० हून अधिक वाढले, तर मंद गतीचे मिश्रण फार समृद्ध आहे असे समजावे. प्रायमरची मूठ नीट बसली नसली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून ती आधी पाहावी.

दुचाकी ‘ओव्हर’ झाली की मेकॅनिक पान्याच्या दांड्याने वाडग्यावर टकटक करतो व गाडी सुरू होते. विमानात हा उपाय चालत नाही. अडकलेली झडप सुटली तरी ती का अडकली हे कळत नाही, आणि ती पुन्हा अडकेल तेव्हा खाली रस्ता नसतो. वाडगा उघडण्याचा अधिकारही वैमानिकाचा नाही. ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्याचे आहे. वैमानिकाने डागाची जागा, वेळ व कॉकची स्थिती नोंदवावी आणि उड्डाण थांबवावे.

इंधनाच्या टंचाईत रस्त्यावरचे पेट्रोल वापरण्याचा मोह घातक आहे. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरास व काही फ्लोटना फुगविते. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातील देशी विमान पेट्रोल बाजारात आणले. तोवर हे इंधन आयात करावे लागत असे.