वळवाआधीचे दिवस : काकती ते निपाणी, वसंतातल्या जत्रांमागचे हवामान

पुणे–बंगळूर महामार्गाने निपाणीहून बेळगावकडे येताना शहराच्या अलीकडे काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. त्यांचा जन्म इथे १७७८ साली झाला. गावाजवळून मार्कंडेय नदी वाहते, भोवती भात आणि उसाचे शिवार आहे. फाल्गुनातल्या होळीपासून मेअखेरच्या रोहिणी नक्षत्रापर्यंत या पट्ट्यात उघड्या आभाळाखाली जेवढे कार्यक्रम होतात, तेवढे उरलेल्या नऊ महिन्यांत होत नाहीत. महालक्ष्मी यात्रा, कलमेश्वराच्या इंगळ्या, कुस्तीची मैदाने, रिकामी गाडी पळविण्याच्या शर्यती, जोतिबाच्या सासनकाठ्या, शिवजयंतीचे चित्ररथ असे सारे या अडीच-तीन महिन्यांत होते. तारखा पंचांगातून निघतात. तरी त्या याच दिवसांत पडण्यामागे पाऊस, माती आणि वारा यांचा एक चोख हिशेब आहे.

हा हिशेब भूगोलापासून सुरू होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. मध्ये सह्याद्रीची धार. पावसाळी ढग तिथेच बहुतेक रिते होतात. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, बेळगावात तेराशेच्या आसपास आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला अथणीकडे जेमतेम पाचशे-साडेपाचशे. काकती या उतरंडीच्या मधोमध आहे. पावसाळ्यात भात पिकेल एवढे पाणी इथे मिळते आणि उन्हाळ्यात जमीन खणखणीत वाळेल एवढे ऊनही मिळते.

एप्रिलमध्ये बेळगावचे सरासरी कमाल तापमान ३५-३६ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, पण पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरतो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढून पठारावर येतो आणि संध्याकाळी हवा पालटते. बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ हे नाव पडले ते या हवेमुळे. विदर्भात किंवा रायचूर-कलबुर्गीकडे मेमधली रात्रही भाजून काढते. इथे ती माणसाला घराबाहेर काढते. म्हणून या भागातले मोठे सोहळे एकतर सकाळी उरकतात, नाहीतर सूर्य कलल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात.

आकाशाइतकाच महत्त्वाचा भाग जमिनीचा. बेळगाव तालुक्यात भात कापून झाले की त्याच रानात उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा घेतात. ही कडधान्ये फाल्गुनाच्या सुमारास निघतात. मळणी संपते, सुगी घरात येते आणि ऊस सोडला तर शिवार मोकळे होते. पुढची पेरणीही इथे लवकर असते. रोपे तयार करून चिखलात लावण्याऐवजी बेळगाव-खानापूर भागात भात मोठ्या प्रमाणावर कोरड्या मातीत कुरीने, म्हणजे पाभरीने, पेरतात. या धूळवाफ पेरणीसाठी मे महिन्यातच रान तयार लागते. शेवटची मळणी आणि पहिली नांगरट यांच्यामध्ये हातात पैसा, घरात धान्य, बैलांना विसावा आणि रानात मोकळी जागा असे चारही योग एकत्र येतात. गावाला जत्रा भरवायची तर तिची जागा इथेच.

या काळाची सुरुवात होळीने होते. बेळगाव शहरात धुळवडीलाच रंग खेळतात. त्या दिवशी पांगुळ गल्लीतल्या अश्वत्थामा मंदिरासमोर रंगाच्या पाण्याने भिजलेल्या रस्त्यावर भाविक लोटांगण घालतात. आज शहरात मिसळून गेलेले शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते. तिथे आणि वडगावात रंगाचा दिवस होळीनंतर पाच दिवसांनी, रंगपंचमीला येतो. दोन्ही दिवशी हवा सारखीच असते. थंडी सरलेली, हवेत दमटपणा कमी, अंगावरचे कपडे तासाभरात सुकवणारे ऊन. उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याने खेळण्याची ही बुद्धी आशियात इतरत्रही दिसते. थायलंडचा सोंगक्रान हा पाण्याचा सण १३ ते १५ एप्रिलला येतो, तेव्हा तिथला सर्वांत तापलेला महिना चालू असतो.

पाडव्याला सीमाभागातल्या एकाच गल्लीत मराठी घरावर गुढी उभी राहते आणि शेजारच्या कन्नड घरात उगादीचा बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, वाटला जातो. कडुनिंबाला नवी पालवी आणि फुलोरा याच दिवसांत असतो. त्यानंतरची चैत्र पौर्णिमा ओळखली जाते ती दवण्याच्या वासाने. कन्नडमध्ये तिला दवणाची पौर्णिमाच म्हणतात. दवणा थंडीत पेरतात आणि थंडी सरता सरता तो फुलोऱ्यावर येतो. कोरड्या उन्हात त्याचा सुगंध टिकतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर आणि कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या जोतिबावर चैत्र पौर्णिमेला एकाच वेळी गर्दी उसळते. सीमाभागातली माणसे या दोन्ही दिशांना जातात. जोतिबाच्या यात्रेत गुलाल-खोबरे उधळत नाचवल्या जाणाऱ्या उंच सासनकाठ्या पाहिल्या की कोरड्या हवेचे मोल कळते. भिजलेला गुलाल उधळता येत नाही आणि निसरड्या दगडी पायऱ्यांवर एवढी उंच काठी तोलता येत नाही. बेळगावातून बैलगाड्यांनी जोतिबाला जाण्याची प्रथाही आहे. शंभराहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास मुक्काम करत होतो. रात्री उघड्यावर झोपता येणे ही त्याची पहिली अट.

या पट्ट्याचा सर्वांत मोठा उघड्यावरचा सोहळा म्हणजे गावोगावची महालक्ष्मी यात्रा. ती दरवर्षी येत नाही. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा, तर काही गावांत त्याहूनही दीर्घ खंडाने ती भरते आणि बहुधा चैत्र-वैशाखातच. देवीवर अक्षतारोपण होते, रथोत्सव होतो, भंडाऱ्याच्या उधळणीत देवीला गल्लीगल्लीतून नाचवत नेणारा होन्नाट रंगतो, मग देवी गदग्यावर, म्हणजे आसनावर, विराजमान होते आणि शेवटी तिचे सीमेकडे प्रस्थान होते. यातला एकेक टप्पा कोरड्या हवेवर उभा आहे. मोठ्या लाकडी चाकांचा उंच रथ टणक जमिनीवरच ओढता येतो. ओल्या मातीत चाक रुतले की शेकडो हातही अपुरे पडतात. भंडारा हवेत पिवळा ढग करतो तो वाळलेला असेल तरच. माहेरवाशिणी आणि पै-पाहुण्यांनी घर भरते, तेव्हा पंगती अंगणात, मांडव रिकाम्या रानात आणि झोप गच्चीवर असते. या कोरडेपणाची किंमत गाव पाण्याच्या रूपाने मोजते. विहिरी तळाला गेलेल्या असताना हजारो पाहुण्यांचे पाणी उभे करणे, हे यात्रा कमिटीचे सर्वांत जड काम असते.

कलमेश्वर, ब्रह्मलिंग अशा ग्रामदैवतांच्या यात्रांत इंगळ्यांचा कार्यक्रम असतो. लाकडे जाळून त्यांचे रसरशीत निखारे पसरतात आणि उपवास धरलेले भाविक त्यावरून अनवाणी चालत जातात. लाकूड पुरते वाळलेले असेल तर निखारा एकसारखा फुलतो. ओलसर लाकूड धुमसते, तडतडते, ठिणग्या उडवते.

मातीची सर्वांत बारीक पारख कुस्तीत लागते. बेळगावचा आनंदवाडी आखाडा आणि तालुक्यातल्या गावांची जत्रेची मैदाने कुस्तीशौकिनांना परिचित आहेत. आखाड्यासाठी लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. ती फार कोरडी झाली तर अंग खरचटते. ओल जास्त झाली तर पाय सरकतो आणि पकड सुटते. निकाली कुस्ती लांबत जाते, हलगी घुमत राहते, भोवती माणसांचे कडे बसलेले असते आणि डोक्यावर छप्पर नसते. दुपारी चार वाजता सुरू झालेले मैदान दिव्यांच्या उजेडात संपते, ते याच महिन्यांतल्या संध्याकाळच्या भरवशावर.

रिकामी गाडी पळविण्याची शर्यत हा बेळगाव भागाचा आवडता खेळ. बैलजोडीने मोकळी गाडी घेऊन ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त अंतर कापायचे. धावपट्टीला लांब, सरळ आणि सपाट रान लागते. पीक निघाल्याशिवाय ते मिळत नाही आणि पाऊस पडल्यावर ते उरत नाही. कायद्यानेही या खेळाला बराच काळ झुलवले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. पुढे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. दोन्ही निकाल मे महिन्यात, म्हणजे शर्यतींच्या मोसमाच्या शेवटी आले.

शहराच्या वसंतोत्सवाचा कळस म्हणजे शिवजयंती. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करते. बेळगावने वैशाख शुद्ध द्वितीयेची परंपरा सोडलेली नाही. या दोन तारखांमध्ये इतिहासाचा वाद आहे, पण हवामानाचा फरकही मोठा आहे. फेब्रुवारीत रात्री गार असतात, शाळा चालू असतात आणि खेड्यातला माणूस कडधान्यात गुंतलेला असतो. वैशाखात कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी असते, शिवार मोकळे असते आणि रात्रभर रस्त्यावर उभे राहता येते. चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी निघते ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर किल्ले, दरबार, लढाया उभ्या राहतात, पोरे त्यावर सजीव देखावे सादर करतात आणि तालुक्यातली गावे कुटुंबासह शहरात उतरतात. मंडळांची खरी धास्ती एकच असते. रंग, कापड, विजेच्या माळा आणि ध्वनियंत्रणा हे सगळे उघड्यावर असते, आणि तारीख ऐन वळवाच्या दिवसांत पडते.

वळीव म्हणजे मान्सूनच्या आधीचा गडगडाटी पाऊस. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर झेपावते. त्याच सुमाराला समुद्रावरून आलेली दमट हवा आणि दख्खनच्या आतून आलेली कोरडी हवा यांची सीमारेषा याच पठारावर रेंगाळत असते. दुपारी तीन-चारनंतर ढग मनोऱ्यासारखे उंच चढतात. मान्सून पश्चिमेकडून येतो. वळीव बहुतेकदा पूर्वेच्या बाजूने चढतो. आधी ढगातून कोसळणारा गार वारा धूळ उडवत येतो, मग टपोरे थेंब, कधी गारा. काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरू शकतो. तासाभरात सगळे थांबते आणि दोन कोसांवरच्या गावात मात्र थेंबही पडलेला नसतो. म्हणून एका गावची यात्रा भिजते आणि शेजारच्या गावची निर्धास्त पार पडते.

निपाणीच्या बाजूला याच हवामानाचा दुसरा चेहरा दिसतो. तिथली ओळख विडीच्या तंबाखूची. कापलेला तंबाखू उन्हात वाळवावा लागतो आणि त्या दिवसांतली एक अवकाळी सर मालाचा दर पाडते. माल तयार झाला की शेतकरी मोकळा होतो. शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन १४ मार्च १९८१ रोजी सुरू झाले ते याच मोकळ्या दिवसांत. हजारो शेतकरी महामार्गावर बैलगाड्यांसह ठाण मांडून बसले, तिथेच रांधले, तिथेच झोपले. ६ एप्रिलला पोलिसांनी बळाचा वापर केला, गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या रात्रींनी त्या रस्त्यावरच्या वस्तीला तीन आठवडे टिकू दिले; जुलैत तशी वस्ती उभी राहणे अवघड होते.

आता प्रश्न राहतो तो तिथ्यांचा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ते तसेच सोडले असते तर चैत्र काही वर्षांत थंडीत आणि पुढे पावसाळ्यात शिरला असता. साधारण ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास ही घसरण रोखतो, त्यामुळे चैत्र पौर्णिमा मार्चअखेर ते एप्रिलअखेर या पट्ट्यातच फिरते. शेतकरी त्याच्या जोडीला दुसरे घड्याळ वापरतो, सूर्यनक्षत्रांचे. अश्विनी एप्रिलच्या मध्यावर लागते, मग भरणी, कृत्तिका, २५ मेच्या सुमाराला रोहिणी आणि ७-८ जूनला मृग. जत्रा तिथीने ठरते, पेरणी नक्षत्राने. दोन्ही कालमापने एकाच घरात सुखाने नांदतात, कारण दोन्हींना एकाच ऋतूशी बांधून ठेवले आहे. केरळातही पूरम उत्सवांची रांग मान्सूनच्या आधीच आटोपते; किनारा, भाषा, दैवते वेगळी, पण हिशेब तोच.

या हिशेबात अलीकडे दोन गोष्टी बदलल्या आहेत. उसाचे क्षेत्र वाढल्याने आणि महामार्गालगत कारखाने, वसाहती उभ्या राहिल्याने जत्रेला लागणारे मोकळे रान आक्रसले आहे. पत्र्याचे मांडव, टँकर आणि मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज यांनी थोडा दिलासा दिला आहे, पण चैत्र-वैशाखाला दुसरा पर्याय त्यांनी दिलेला नाही. पहिला दमदार वळीव झाला की नांगर बाहेर पडतो, कुरी दुरुस्तीला जाते आणि ज्या रानात काल गाड्या पळाल्या तिथे भाताची पेरणी सुरू होते. म्हणून काकतीच्या परिसरात यात्रेची तारीख धरताना कमिटी मागे सुगी पाहते, पुढे रोहिणी पाहते आणि या दोहोंच्या मध्ये बसेल तेवढाच उत्सव आखते.