धान घरात आलं की नाटक गावात येतं: झाडीपट्टी रंगभूमी चालते कशी?

आजचा विषय नाटक आहे, पण मुंबई-पुण्याचं नाही, आपल्या झाडीपट्टीचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगावी नाटकं लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि खेळ संपतो तेव्हा उजाडायला आलेलं असतं. थंडी मरणाची असते, तरी लोक शाली-ब्लँकेट गुंडाळून बसून राहतात.

मी भंडारा जिल्ह्यातला, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. ऑफिसात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "सरकारी अनुदानावर चालत असेल ना?" तसं नाहीये. हा सगळा डोलारा मुख्यतः गाव आणि तिकीट यांच्या जोरावर उभा राहतो. कसा, तेच आज बघू.

तारीख कोण ठरवतं?

धान ठरवतं. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते, मग मळणी, मग विक्री. घरात धान येतं, हातात थोडा पैसा येतो आणि शेतं रिकामी होतात. त्या रिकाम्या जागेत मंडप उभा राहतो. याच दिवसांत भंडारा-गोंदियात गावोगावी मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक, असा तो जोड कार्यक्रम. मंडईत दंडार आणि खडी गंमतही असते. डफ, ढोलकी, शाहीर आणि नाच्या घेऊन उभी राहणारी खडी गंमत ही आपल्याकडची तमाशाची बहीणच म्हणा ना.

जत्रेला नाटक जोडायची पद्धत फार जुनी आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. वा. वि. मिराशींनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मांडलं. ते आज गोंदिया जिल्ह्यात येतं, 1999 पर्यंत ते आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं. भवभूतीच्या तिन्ही नाटकांच्या सुरुवातीला सूत्रधार सांगतो की हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होतोय. तिकडे प्राचीन अथेन्समध्येही शोकांतिका व्हायच्या त्या डायोनिसस देवाच्या वसंतातल्या उत्सवात. नाटकासाठी लोक गोळा करायची वेगळी खटपट नव्हती, कारण लोक आधीच जमलेले असायचे.

बिल कोण भरतं?

आमच्या धंद्यात कुठलीही सिस्टिम समजून घ्यायची तर एक प्रश्न आधी विचारावा: सर्व्हरचं बिल कोण भरतं? अथेन्समध्ये कोरसचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकला जायचा. झाडीपट्टीत तो भार गावातलं मंडळ उचलतं.

नाटक कंपन्यांचं माहेरघर म्हणजे वडसा, म्हणजेच देसाईगंज. जिल्हा गडचिरोली, पण आपल्या लाखांदूर तालुक्याला लागूनच, आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर. सीझनच्या तोंडावर गावोगावची मंडळं तिथे जातात, कंपनी आणि नाटक ठरवतात, आगाऊ रक्कम देतात. कंपनी कलाकार, वादक आणि रंगमंचाचं सामान घेऊन येते. मंडप, तिकीटविक्री आणि व्यवस्था मंडळाची. गर्दी झाली तर पैसा उरतो, नाही झाली तर तोटा मंडळाच्या अंगावर.

थोडक्यात, कंपनीचं गिऱ्हाईक एकटा प्रेक्षक नाही, गाव आहे. बंगालच्या जात्रेचंही असंच. तिथल्या कंपन्यांची ऑफिसं कोलकात्याच्या चितपूर रोडवर, आणि खेळ ठरवायला समित्या तिथे येतात.

गाव गिऱ्हाईक झालं की जाहिरात आपोआप होते. घरोघरी फोन जातात, "आमच्या गावी नाटक हाय, येजा जी!" लेकी-जावई येतात, मामा-आत्या येतात, सोयरे येतात. दिवसभर पाहुणचार, त्यातच लग्नाच्या मुलामुलींची बोलणी. शहरात नाटकाचं तिकीट मोबाइलवर एकेकटं काढलं जातं. इथे अख्खं घर पाहुण्यांना घेऊन मंडपात जातं.

मग रात्रभर कशाला?

कारण साधं आहे. पाहुणे पूर्वी बैलबंडीने यायचे. मध्यरात्री जंगलातून परत कोण जाणार? कोकणातलं दशावतारी नाटक किंवा केरळची कथकली रात्रभर चालते, तिथेही जत्रेला, देवळात जमलेले लोक सकाळपर्यंत थांबणारच असायचे.

रात्र लांब म्हणून नाटकाची घडणही तशी. घरगुती कथा, भरपूर रडवणारे प्रसंग, मध्ये विनोदी नट, मध्ये गाणी आणि लावणी. वादक रंगमंचासमोर बसून वाजवतात. कलाकार आज या गावात, उद्या त्या गावात, भूमिका बदललेली, म्हणून प्रॉम्प्टर आजही लागतो. शहरी समीक्षकाला हे भडक वाटेल. पण पहाटे तीन वाजता पेंगणाऱ्या माणसाला जागं ठेवायचं, तर आवाज चढवावाच लागतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता खरा प्रश्न

जे पाय भक्कम होते, तेच आता हलतायत. 7 मे 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात पटाचं निमित्त गेलं, तरी नाटकं होतच राहिली. म्हणजे नाटक फक्त बैलांवर उभं नव्हतं.

पण शेतीचं कॅलेंडरही बदलतंय. जिथे कालव्याचं पाणी आलं तिथे उन्हाळी धान लागतं, आणि त्याची रोवणी ऐन नाटकाच्या दिवसांत येते. ज्या रिकाम्या शेतात मंडप पडायचा, तिथे आता चिखलणी.

माझ्या मते सगळ्यात नाजूक पाय मंडळाचा आहे. वर्गणी, करार, लायटिंग, हिशेब, रात्रीचा बंदोबस्त ही सगळी कामं गावातली पोरं करतात, फुकट. आणि तीच पोरं, म्हणजे तुम्ही-आम्ही, पुणे, नागपूर, हैदराबादला आहोत. यूट्यूबवर नाटकाची क्लिप बघून आपण लाइक देतो, पण लाइकने मंडपाचा खांब रोवला जात नाही. रेकॉर्डिंगमध्ये नाटक राहील, गावाने मिळून ते आणायची सवय राहणार नाही.

म्हणून एकच सांगणं. या दिवाळीला गावी गेलात की मंडळात कोण आहे ते विचारा. हिशेबाची शीट बनवून द्या, ऑनलाइन वर्गणीचा क्यूआर कोड लावून द्या, जमलं तर नाटकाच्या रात्रीची सुट्टी टाका. तुमच्या गावात यंदा कुठलं नाटक ठरलंय, ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. येजा मंग, भेटू!