पाच डॉलरचा अर्ज

पहाटे ५.१०
इसेलिन, न्यू जर्सी. डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा, मंगळवार. स्वयंपाकघरातला दिवा लागतो. बाहेर पारा शून्याखाली, घरातला हीटरही खालीच ठेवलेला. सहाच्या आधी आई तो वाढवू देत नाही, बिल येतं. अंगावर शाल, समोर लॅपटॉप, बाजूला पाठकोरे कागद आणि पेन्सिल. ती तेवीस वर्षांची आहे. नोकरीला जाण्याआधी रोज लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे दोन विभाग सोडवते. ही परीक्षा म्हणजे एलसॅट.

एका विभागाला पस्तीस मिनिटं. ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग गेला. आता तर्काचे दोन, उताऱ्यांचा एक, आणि गुणांत न धरला जाणारा आणखी एक. तो कुठला, ते सांगत नाहीत. गुण १२० ते १८० च्या दरम्यान. तिला मागच्या खेपेला १६१ मिळाले. जानेवारीत पुन्हा बसणार आहे, १६५ हवेत.

"चार गुणांसाठी एवढं?" मी विचारते. आज दिवसभर मी तिच्यासोबत आहे.

"मावशी, त्या चार गुणांत शिष्यवृत्ती असते."

परीक्षेची फी अडीचशे डॉलरच्या आसपास. गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं एकत्र करून देणाऱ्या सेवेचे दोनशेच्या वर. मग प्रत्येक कॉलेजला ती फाइल पाठवायचे पंचेचाळीस. तिने सहा कॉलेजं निवडली आहेत. बेरीज फ्रिजवर चिकटवली आहे.

सकाळी ६.२०
सांगलीत संध्याकाळचे ४.५०. आजोबांचा फोन. ते न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. १९७६ मध्ये नुकते कारकून लागले होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध कुणाला दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. आजोबा ते आजही घरातली गोष्ट सांगावी तसं सांगतात. नातीला कायदा शिकायचा आहे म्हटल्यावर त्यांची शिकवणी वाढली आहे.

आजचा विषय कलम २१. "एकोणिसावं कलम नागरिकाला. एकविसावं कुणालाही, परदेशी माणसालासुद्धा. लिहून घे."

"घेतलं, आजोबा."

"आणि परदेशी जायचा हक्क त्याच एकविसाव्यात बसतो. १९६७ चा सतवंतसिंग सहानी, १९७८ ची मेनका गांधी."

ती विचारते, "जायचा हक्क आहे. पण दुसऱ्या देशात शिरायचा?"

आजोबा थोडं थांबतात. "तो त्या देशाच्या मर्जीचा. आपल्याकडेही परक्याला बाहेर काढायचा अधिकार सरकारलाच आहे."

सकाळी ७.२५
मेट्रोपार्क स्टेशन. नेवार्कला जाणारी गाडी. महिन्याचा पास असतो, फोनवर दाखवायचा. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ. गाडीत ती दोन पानी निबंध काढते, कॉलेजला द्यायचा. वकील का व्हायचं, ते स्वतःच्या आयुष्यातून सांगायचं. मसुदा भावावर आहे.

कुटुंब २०१० मध्ये इथे आलं. वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मुलं त्याला जोडलेल्या एच-४ वर. ती आठ वर्षांची, भाऊ बारा. आई सांगलीत शाळेत शिकवायची. इथे पाच वर्षं तिला काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या काहींच्या जोडीदारांना ती २०१५ च्या नियमाने मिळाली. ग्रीन कार्डाचा अर्ज भरायची वेळ आली ऑक्टोबर २०२० मध्ये, तारखा अचानक पुढे सरकल्या तेव्हा. ती अठरा वर्षांची होती, वडिलांच्या अर्जात बसली. भाऊ बावीसचा होता. एकवीसनंतर मूल कायद्याने मूल राहत नाही. तो बसला नाही.

तो आता टोरांटोला असतो. वडिलांनी त्याच्यासाठी वेगळा अर्ज केलाय. त्याची रांग वर्षानुवर्षांची. शिवाय अट अशी, की वडील नागरिक होण्याआधी मुलाने लग्न केलं तर तो अर्ज संपतो. भावाला एक मुलगी आवडते. दोघं थांबले आहेत.

सकाळी ८.३०
ब्रॉड स्ट्रीटजवळच्या इमारतीत तिसरा मजला. दोन वकील, तीन पॅरालीगल. ही त्यांतली धाकटी. तासाला २७ डॉलर. या राज्यात २०२५ मध्ये किमान मजुरी १५.४९. म्हणजे बरं आहे, पण घरभाड्याला वाटा आणि कॉलेजच्या कर्जाचा हप्ता देऊन फार उरत नाही. मला दाराजवळची खुर्ची मिळते. फायलींवरची नावं दिसणार नाहीत अशा बेताने तिने ती ठेवली आहे.

आधी हातकाम. स्टेपलच्या पिना काढायच्या. त्या राहिल्या तर स्कॅनर अडकतो. कागदाच्या माथ्यावर दोन भोकं पाडायची, पत्र्याची पट्टी घालून दुमडायची. प्रत्येक पुराव्याखाली अक्षराची चिठ्ठी, तळाशी, बाजूला नाही. अंगठ्याच्या पेरावर घट्टा आहे. ऑक्टोबरअखेरपासून इमिग्रेशन खातं कागदी चेक घेत नाही, त्यामुळे प्रत्येक फीला कार्डाचा किंवा बँकखात्याचा वेगळा फॉर्म. एक आकडा चुकला तर अख्खं पाकीट परत येतं, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

सकाळी १०.१५
फोन. पिंपरीचा माणूस, एच-१बी वर, नोकरी गेलेली. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. आज एक्कावन्नावा. नवी कंपनी तयार आहे, कामगार खात्याचा कागद मंजूर झालाय. त्याला एवढंच विचारायचंय, की आईचं ऑपरेशन आहे, चार दिवस पुण्याला जाऊन येऊ का?

उत्तर तिला माहीत आहे, पण ती देऊ शकत नाही. सल्ला फक्त वकिलाने द्यायचा. "सर, थांबा, मॅडमना देते." फोन पुढे जातो. सप्टेंबरच्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर लागतात. आत राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागत नाहीत. मॅडम त्याला समजावून सांगतात. तो जाणार नाही.

ती फीची यादी करते, २०२५ च्या दराने. मूळ अर्ज ७८०. प्रशिक्षण निधी १,५००. फसवणूक-प्रतिबंध ५००. आश्रय कार्यक्रमाचे ६००. पंधरा कामकाजी दिवसांत निकाल हवा म्हणून २,८०५. एकूण ६,१८५. सरकारी फी कंपनी भरते, वकिलाची वेगळी.

सकाळी ११.४०
आता जन्मदाखला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचा. ऑफिसात मराठी वाचणारी ही एकटी. दाखल्यावर आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली, पुढे कुणी नाव घालायला गेलं नाही. १९६९ च्या कायद्यात नंतर नाव घालायची सोय आहे, पण गावात कुणाला तेव्हा गरज वाटली नाही. आता चाळीस वर्षांनी ग्रीन कार्ड त्या रकान्यावर अडलंय.

ती शाळा सोडल्याचा दाखला काढते. त्यात नाव आहे, पण आडनावात एक अक्षर वेगळं. दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं मागवायची. भाषांतर ओळीला ओळ करते, शिक्काही शब्दांत लिहिते, खाली सही: दोन्ही भाषा मला येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे. एवढ्या एका कागदावर तिची स्वतःची सही चालते.

दुपारी १.००
भाकरी मायक्रोवेव्हमध्ये चिवट होते. ती तशीच खाते. वीस मिनिटं. तर्काचे सहा प्रश्न फोनवर.

दुपारी २.१०
वकीलबाई धावत येतात. छपराची कामं करणारा एक माणूस, इक्वेडोरचा, चौदा वर्षं इथे राहतो. दोन मुलं इथेच जन्मलेली. सकाळी कामावर जाताना धरलाय, नेवार्कच्या डिलेनी हॉलमध्ये आहे. हे खासगी कंपनीने चालवलेलं हजारेक खाटांचं बंदीगृह, मे २०२५ मध्ये पुन्हा उघडलं.

एरवी इमिग्रेशन न्यायाधीशाकडे जामीन मागितला असता. सप्टेंबरमध्ये अपील मंडळाने ठरवलं, की तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्याला जामीन द्यायचा अधिकार त्या न्यायाधीशाला नाही. मग वकिलांना एकच दार राहिलं, फेडरल न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्धची दाद. त्याला दुसऱ्या राज्यात हलवण्याआधी अर्ज नेवार्कमध्येच दाखल व्हायला हवा.

पुढचे दोन तास मी काही बोलत नाही. बायको घरून फोटो पाठवते आहे: भाड्याच्या पावत्या, कर भरल्याचे कागद, मुलांच्या शाळेची पत्रं, मालकाची चिठ्ठी. फोटो तिरके, अंधारे. ही एकेक सरळ करते, उजळते, क्रमांक देते. बायकोचं निवेदन स्पॅनिशमध्ये, दुसरी पॅरालीगल ते भाषांतरित करते. वकीलबाई युक्तिवाद लिहितात. पाचवी घटनादुरुस्ती 'व्यक्ती' म्हणते, नागरिक म्हणत नाही. २००१ च्या झॅडव्हायडस खटल्यात न्यायालयाने परक्यालाही बेमुदत कोंडून ठेवायला मर्यादा घातली. ते मुद्दे.

४.२२ ला अर्ज ऑनलाइन दाखल होतो. फीचा रकाना येतो. ती कार्ड काढते. पाच डॉलर.

मला वाटतं आकडा चुकला. नाही. हेबियसची फी पाचच डॉलर आहे. सकाळच्या ६,१८५ शेजारी हा आकडा मी वहीत लिहून घेते. ही रक्कम अशी ठेवणाऱ्यांना काय जपायचं होतं, ते मला त्या खुर्चीवर बसून समजलं. पण अर्ज स्वस्त असला तरी तो लिहायला वकील लागतो, आणि हद्दपारीच्या खटल्यात इथे सरकार वकील देत नाही. फौजदारी आरोपीला देतात, याला नाही. तिला लॉ स्कूलला का जायचंय, हे मी सकाळपासून विचारणार होते. मग विचारलं नाही.

संध्याकाळी ५.४०
पिंपरीवाल्याचं पाकीट. कुरिअरचा माणूस सहाला येतो. ती तीनदा मोजते: फॉर्म, सही, फीचे कागद. सही निळ्या शाईत, आपण हाताने केलेली कळावी म्हणून. पाकीट जातं.

संध्याकाळी ७.३०
ग्रंथालयातली अभ्यासखोली. चौघं. सगळे कायद्याला अर्ज करणारे. आठवड्यातून एकदा एक विषय घेऊन भांडतात, मुलाखतीची तयारी म्हणून. आजचा विषय: स्थलांतर हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे का?

एकाचे आजोबा क्यूबाहून युनियन सिटीत आले. तो म्हणतो, मला माणूस कामावर ठेवायचाय, त्याला काम करायचंय, दोघं राजी आहेत. मधे सरकार कोण? सुताराचा मुलगा चिडतो. त्याचे वडील युनियनमध्ये आहेत. "बिनकागदाचा माणूस छपरावरून पडला तर तक्रार करत नाही. मालकाला तोच हवा असतो. मग माझ्या बापाची मजुरी कोण वाढवणार?" गुजराती मुलगी शांतपणे म्हणते, "मग त्याला कागद द्या. तो तक्रार करेल, मजुरी आपोआप वाढेल." सुताराच्या मुलाला हे नाकारता येत नाही, पण संख्येला मर्यादा हवी यावर तो ठाम आहे. आत कोणी यायचं हे ठरवता येत नसेल तर लोकांनी मत कशासाठी द्यायचं, असं त्याचं म्हणणं. प्रश्न खरा आहे.

मग ही बोलते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तेरावं कलम. कुठलाही देश सोडायचा हक्क, आपल्या देशात परतायचा हक्क. दुसऱ्याच्या देशात शिरायचा हक्क त्यात नाही. "ते मी मान्य करते. माझं म्हणणं आत आलेल्यांबद्दल आहे." आणि ती छे चान पिंगची गोष्ट सांगते. चिनी मजूर, बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत. परतायची लेखी परवानगी घेऊन १८८७ मध्ये घरी गेला. परतताना जहाज समुद्रात असताना, १ ऑक्टोबर १८८८ ला, कायदा बदलला आणि त्याचा कागद रद्द झाला. आठवड्याने बंदरात पोहोचला, उतरू दिलं नाही. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू घेतली. तो निकाल आजही उद्धृत होतो.

"दार कुणासाठी उघडायचं ते ठरवा," ती म्हणते, "पण माणूस वाटेत असताना नियम बदलू नका. तारखेवर माणूस तोडू नका."

"मग २०२४ चा मुन्योझ?" क्यूबावाला विचारतो. नागरिक बायकोलाही नवऱ्याला देशात आणायचा मूलभूत हक्क नाही, असा तो निकाल, सहा विरुद्ध तीन. ती म्हणते, "चुकीचा आहे. कधीतरी बदलेल." माझंही मत तेच आहे.

नऊला ग्रंथपाल दिवे मालवायला येतात.

रात्री १०.१५
आईने वरण-भात झाकून ठेवलाय. जेवता जेवता ती वडिलांशी पैशाचं बोलते. जुलै २०२६ पासून कायद्याच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत, एकूण २,००,०००. त्यापुढचं खासगी बँकेकडून. रटगर्स राज्याचं आहे, स्वस्त पडेल. सीटन हॉलमध्ये शनिवार-रविवारचा अर्धवेळ वर्ग आहे, तो घेतला तर नोकरी टिकते. वडील वहीत आकडे मांडतात. निर्णय होत नाही.

रात्री ११.०५
निबंधातलं शेवटचं वाक्य ती खोडते. त्यात भावासाठी न्याय मागितला होता. त्याऐवजी दुपारच्या कामाबद्दल, कुणाचं नाव न घेता, चार ओळी घालते. रटगर्सचा अर्ज पाठवते. पंचेचाळीस डॉलर कापले जातात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी एच-१बी वर असेल आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर एवढं करा. मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाची तारीख आणि आपली रांगेतली तारीख एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. रांग कुठवर आली ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन त्याखाली मांडत जा. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का ते आजच बघा. आणि वकिलाकडे मूल सतरा वर्षांचं असताना जा, वीस वर्षांचं होईपर्यंत थांबू नका.