सातबारा शहराचा, वहिवाट राज्याची

डेट्रॉइटच्या बेल आयल बेटावरून कॅनडा बघायचा तर तोंड दक्षिणेला करावं लागतं. नकाशाचा हा चकवा पचतो न पचतो तोच दुसरा, कागदोपत्री चकवा समोर येतो: सुमारे ९८२ एकरांचं हे बेट डेट्रॉइट शहराच्या मालकीचं, आणि तरीही मिशिगनचं राज्य उद्यान!

शहराने ते १८७९ मध्ये दोन लाख डॉलरना विकत घेतलं. सेंट्रल पार्कवाल्या ओमस्टेडने आराखडा काढला. १९०४ मध्ये अल्बर्ट कानने इथे मत्स्यालय बांधलं. तिथे गेलात तर माशांच्या आधी मान वर करून छत बघा. लांबलचक कमानीला समुद्री हिरव्या, चकचकीत काचेच्या फरशा आहेत. खाली उभं राहिलं की आपणच पाण्यात आहोत असं वाटतं. एवढी देखणी वास्तू २००५ मध्ये पैशांअभावी बंद झाली. २०१२ मध्ये पुन्हा उघडली ती स्वयंसेवकांच्या जिवावर.

पुढच्याच वर्षी शहराने दिवाळं जाहीर केलं. राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाने बेट तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने राज्याला द्यायचं ठरवलं. नगर परिषदेने नकार दिला. फार तर दहा वर्षं, असं सुचवलं. राज्याच्या मंडळाने तीस वर्षांवरच शिक्कामोर्तब केलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बेल आयल मिशिगनचं १०२ वं राज्य उद्यान झालं.

म्हणजे बदललं काय? इथेच खरी गंमत आहे. उद्यान 'कुणाचं' या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात: जमीन कुणाची, झाडलोट कुणाची, पोलीस कुणाचे आणि दारावरचे पैसे कुणाचे. पहिलं उत्तर तसंच राहिलं, बाकीची बदलली. राज्याने वाळलेली धोकादायक झाडं काढली, स्वच्छतागृहं दुरुस्त केली. शहराचा वर्षाला काही दशलक्ष डॉलरचा खर्च वाचला. मोटारीने येणाऱ्याला मात्र पास लागू लागला. तो गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करतानाच घेता येतो, तेव्हा वर्षाला ११ डॉलर होता आणि राज्यातल्या सगळ्या राज्य उद्यानांत चालतो. पायी किंवा सायकलने पूल ओलांडला तर फुकट.

११ डॉलर फार नव्हेत. पण पिढ्यानपिढ्या जिथे रविवारी मोफत जायचं, तिथल्या वाटेवर राज्याचे पोलीस गाड्या अडवू लागले की रक्कम गौण ठरते. शहर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं, निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेला डावलून झालेला; राग येणारच.

तरी परिषदेची दहा वर्षं मला अपुरी वाटतात. इतक्या थोड्या मुदतीसाठी परक्या जागेतल्या शतकभर जुन्या इमारतींवर कुठलं सरकार पैसा ओतेल? मुदत तीसचीच ठेवून दर दहा वर्षांनी राज्याला जाब विचारण्याचा शहराला हक्क, हा सौदा मी केला असता.