ट्रकच्या केबिनमधील 'हास्यजत्रा'

अमरावती : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून बडनेरा ओलांडून अकोल्याकडे निघाले, की मूर्तिजापूर, बोरगाव मंजूपर्यंत ठिकठिकाणी ढाब्यांसमोर उभे असलेले मालट्रक दिसतात. केबिनमध्ये आडवा झालेला चालक आणि मोबाइलवर सुरू असलेले एखादे विनोदी प्रहसन, हे तेथील दुपारचे नेहमीचे चित्र. कारने जाणाऱ्या शहरी प्रवाशाला हा रिकामा वेळ वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या चालकाच्या कामाचा मोठा भाग अशा थांबण्यातच जातो आणि त्याचा वेगळा मोबदला त्याला सहसा मिळत नाही.

थांबण्याची कारणे अनेक. अकोल्यातील डाळ मिल असो वा वऱ्हाडातील जिनिंग, माल भरण्यासाठी पाळी लागते. बिल्टी तयार व्हावी लागते. पोहोचल्यावर हमाल मोकळे नसतात. शहरांत अवजड वाहनांना ठरावीक वेळेत प्रवेश नसतो. सर्वांत मोठी प्रतीक्षा परतीच्या भाड्याची. रिकामी गाडी परत नेणे मालकाला परवडत नाही, म्हणून चालक दिवस-दिवस बसून राहतो.

याच महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी ओळखला जाणारा मार्ग त्यामुळे सुसाट झाला. प्रवासाचा वेळ घटला. गोदामाच्या दारातील वेळ मात्र तेवढाच राहिला.

पूर्वी हा वेळ काढायला सोबत क्लीनर असे. गप्पा, पत्ते, टेपवरील गाणी, ढाब्यावरचा टीव्ही यांत दिवस सरे. आता खर्च वाचविण्यासाठी अनेक गाड्या एकट्या चालकाच्या भरवशावर धावतात. क्लीनरची जागा मोबाइलने घेतली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर कोसळले. चित्रफिती पाहणे ट्रकचालकाच्या आवाक्यात आले ते तेव्हापासून.

पण विनोदच का? चित्रपटाला अडीच तास लागतात आणि पाळी केव्हा लागेल, याचा नेम नसतो. प्रहसन आठ-दहा मिनिटांत संपते. मध्येच हाक आली तरी काही बिघडत नाही. कथानकाचा धागा सुटत नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हा २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेला कार्यक्रम, त्याआधी २०१४ पासून झी मराठीवर गाजलेला 'चला हवा येऊ द्या', यांची लहान-लहान तुकड्यांतील प्रहसने यूट्यूबवर याच सोयीने पाहिली जातात. हिंदी भाषकांसाठी मालेगावच्या 'छोटू दादा'च्या चित्रफिती आहेत. त्यांची प्रेक्षकसंख्या कोट्यवधींत जाते.

भाषेची ओढ हे दुसरे कारण. ओडिशात किंवा गुजरातेत आठवडाभर मोडक्या हिंदीवर काम भागविणाऱ्या वऱ्हाडी माणसाला भारत गणेशपुरे यांच्या तोंडचा अमरावतीकडील हेल ऐकला, की घरच्यासारखे वाटते. ही आवड नवी नाही. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्स्प्रेस'ला वऱ्हाडातील गावोगावी गर्दी होत असे. फरक इतकाच, की तेव्हा शेजारी बसून हसणारी माणसे होती.

खरा प्रश्न झोपेचा आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. मे २०२४ च्या अखेरीस तर अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा दुपारी पत्र्याच्या केबिनमध्ये डोळा लागत नाही. मग एकामागून एक प्रहसने पाहिली जातात, संध्याकाळी गाडी भरते आणि न झोपलेला माणूस रात्रभर स्टेअरिंगवर बसतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवीत असल्याचे आणि जवळपास निम्मे चालक थकवा वा झोप येत असतानाही गाडी थांबवीत नसल्याचे आढळले होते. कायद्याचे गणित वेगळे आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्यासाठी फार तर १० तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला. तेथेही दिवसाची मर्यादा ८ तासांचीच आहे. नुसत्या मर्यादेने झोप येत नाही, त्यासाठी जागा लागते.

त्यातही मोबाइल गाडी चालू असताना सुरू राहिला, तर धोका दुहेरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालविताना हातात मोबाइल वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते आणि पहिल्या गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. एकट्या चालकाला पहाटे तीन वाजता जागे ठेवणारा आवाज हवा असतो, हे खरे. ऐकणे आणि पडद्याकडे पाहणे यांतील अंतर मात्र क्षणाचेच असते.

उपाय सुरू झाले आहेत, पण सावकाश. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महामार्गांवर ट्रकचालकांसाठी पहिल्या टप्प्यात १ हजार विश्रांतिगृहांची घोषणा केली. तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, स्नानगृह आणि स्वयंपाकाची सोय होऊ लागली. गाडीतील डिझेल व मालाच्या चोरीच्या भीतीने अनेक चालक केबिन सोडायला धजावत नाहीत, ही अडचण त्याने सुटत नाही. केबिनच थंड करण्याचा नियमही आला. २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाले. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या लाखो गाड्यांना तो लागू नाही. त्यांच्या चालकांना येत्या उन्हाळ्यातही कडुनिंबाची सावली शोधावी लागेल.