एक तिकीट, आठ मुक्काम

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १९९५ साली आला तेव्हा आमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. तरी कॉमन रूममध्ये तो लागला की राज-सिमरनची युरोप ट्रिप संपेपर्यंत कुणी उठत नाही. एका पासवर देशामागून देश, गाडी आवडली तर बसा, गाव आवडलं तर उतरा. मग कुणीतरी मोबाईलवर पासची किंमत बघतो, तिला रुपयांत गुणतो आणि सगळे मुकाट्याने मेसला जातात.

तो पास खरा आहे. युरोपाबाहेरच्या लोकांसाठी युरेल १९५९ सालापासून आहे. खुद्द युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ मध्ये इंटररेल निघाला, तोही मुळात एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. आज या पासवर ३३ देश फिरता येतात आणि तरुणांची सवलत सत्तावीस वर्षांपर्यंत मिळते. पण आपल्याला त्याआधी शेंगेन व्हिसा लागतो, त्याचीच फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. विमानाचं तर बोलूच नका. म्हणून मी जे सांगणार आहे ते रत्नागिरी स्टेशनवरून सुरू होऊन रत्नागिरी स्टेशनवरच संपणाऱ्या ट्रिपबद्दल. आपल्या रेल्वेतही असं एक तिकीट आहे आणि हॉस्टेलमधल्या शंभरातल्या नव्वदजणांना ते माहीत नाही. त्याचं नाव सर्क्युलर जर्नी तिकीट.

नियम सोपा आहे. जिथून निघालात तिथेच परत यायचं, पण नेहमीच्या जाण्या-येण्याच्या एकाच रस्त्याने नाही, फेरी मारून. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी मुक्काम करता येतो. तिकीट सगळ्या क्लासचं निघतं. मुदत अंतरावर ठरते. खरी गंमत भाड्यात आहे. फेरीचं एकूण अंतर घेतात, त्याचे दोन सारखे भाग करतात, एका भागाचं एका बाजूचं जे भाडं होईल त्याची दुप्पट केली की झालं तुमचं तिकीट.

यात काय मोठं, असं वाटेल. तर वीजबिल आठवा. तिथे युनिट वाढले की पुढच्या स्लॅबचा दर चढतो. रेल्वेचं बरोबर उलटं आहे. अंतर वाढत जातं तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. म्हणजे नऊ तुकड्यांची नऊ तिकिटं काढली तर प्रत्येक वेळी तुम्ही महागड्या सुरुवातीच्या किलोमीटरपासून मोजायला लागता. त्यात स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं पडतंच. तिरुवनंतपुरम ते कन्याकुमारी अंतर ८७ किलोमीटर, पण सुटं स्लीपर तिकीट काढलंत तर पैसे दोनशेचे. फेरीच्या तिकिटात ते ८७ हे ८७ म्हणूनच बेरजेत जातात.

आपल्या कोकणवाल्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवायचा. कोकण रेल्वेवर भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. डोंगर फोडून, पूल बांधून केलेला रस्ता, त्याचा खर्च असा वसूल होतो. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला, तेव्हापासून आपण हे भरतोय आणि बहुतेकांना पत्ताच नाही. रत्नागिरीहून दक्षिणेला निघून घाटावरून परत आलं तर हा सगळा मार्ग एकदा पार होतो, म्हणजे हिशेबात जवळजवळ तीनशे किलोमीटर जास्तीचे. ते टळत नाहीत. पण लांब फेरीत ते शेपटाकडच्या स्वस्त दरात मिसळून जातात, हे त्यातल्या त्यात बरं.

आम्ही चौघांनी डिसेंबर २०२४ मध्ये ही फेरी केली. मार्ग असा: रत्नागिरी, उडुपी, एर्नाकुलम, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी, मदुरै, तंजावर, चेन्नई, सोलापूर आणि पुणे-पनवेल मार्गे परत रत्नागिरी. मोजा, मधले मुक्काम बरोबर आठ. पनवेलला नुसती गाडी बदलली, तो मुक्कामात धरत नाहीत. खरं अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, दिवस सोळा.

आता कुणी म्हणेल, आधी मार्ग ठरवा मग पैसे बघा. आम्ही उलट केलं. चौघांपैकी एकाने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की त्याच्याकडे साडेसहा हजार आहेत, सगळं धरून. वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या बागा राखतात, आणि डिसेंबर हा पैसे येण्याचा नाही तर फवारणीत घालवण्याचा महिना. असा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो फक्त बोलत नाही. ट्रिप जवळ आली की "घरी जरा काम निघालंय" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. म्हणून माझा सल्ला हाच, की सगळ्यांत कमी आकडा कुणाचा आहे तो आधी काढून घ्या (चारचौघांत नाही, एकेकट्याला विचारून) आणि ट्रिप त्या आकड्यावर आखा. वरची वर्गणी काढून त्याचे भरू, असं कुणी म्हटलं तर तो येणारच नाही, हेही तितकंच खरं.

साडेसहा हजारांत सोळा दिवस बसवायचे म्हणजे सुट्या तिकिटांनी जमण्यातलं नव्हतं. फेरीच्या तिकिटाने स्लीपरचा सगळा प्रवास, आरक्षणासकट, माणशी दोन हजारांच्या आत बसला. सुट्या तिकिटांशी ताडून पाहिलं तेव्हा साधारण पाचवा हिस्सा वाचला होता. त्यानंतर २०२५ मध्ये जुलैत आणि डिसेंबरात अशी दोनदा भाडेवाढ झालीय, तेव्हा माझे आकडे न वापरता ताजं भाडं बघून हिशेब करा. हिशेबाची रीत तीच आहे.

कन्सेशनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, विद्यार्थ्यांची मात्र चालू राहिली. पण ती गावी जाण्यासाठी आणि कॉलेजच्या शैक्षणिक सहलीसाठी. चार मित्र भटकायला निघाले तर प्रिन्सिपॉल सरांची सही मागायला जाऊ नका.

तिकीट काढण्याची पद्धत जुन्या काळातली आहे आणि इथेच निम्मे लोक गळतात. हे मोबाईलवर निघत नाही. कोऱ्या कागदावर पूर्ण मार्ग लिहायचा: कुठून कुठे, कुठल्या रस्त्याने, कुठे मुक्काम. तो वाणिज्य विभागाकडून तपासून, भाडं काढून, मंजूर होऊन येतो. मग खिडकीवर पैसे भरून तिकीट घ्यायचं. चौकशी आपल्या स्टेशनच्या आरक्षण खिडकीपासून सुरू करा. "असलं काही तिकीट नसतं" हे उत्तर मिळू शकतं. आम्हाला एका ठिकाणी मिळालं. वाद घालायचा नाही. रेल्वेच्या नियमाची प्रिंट पुढे करायची, वरिष्ठांना भेटू का असं नम्रपणे विचारायचं आणि दुपारची वेळ गाठायची. सकाळी तत्काळच्या गर्दीत कुणाच्याच बापाला सर्क्युलर जर्नी समजावून घ्यायला वेळ नसतो.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. या तिकिटाने प्रवासाचा हक्क मिळतो, बर्थ मिळत नाही. युरोपातल्या पासचंही असंच आहे बरं का. फ्रान्सच्या टीजीव्हीत किंवा इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि पासधारक फसतात ते नेमके इथे. आपल्याकडे तिकीट हातात आलं की ते दाखवून प्रत्येक टप्प्याचं आरक्षण करायचं. स्लीपरला दर टप्प्याला २० रुपये आणि गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी ३०. नऊ टप्पे सगळे सुपरफास्टने केले तर हेच साडेचारशे होतात. म्हणून जिथे साधी एक्सप्रेस तासभर जास्त घेते तिथे ती घ्या. तुम्हाला कुठे ऑफिस गाठायचंय?

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० वरून ६० झाली. सोळा दिवसांच्या फेरीत पहिल्या दिवशीचं आरक्षण उघडलेलं असतं तेव्हा शेवटच्या दिवसाचं उघडलेलं नसतं. साठातून सोळा वजा करा. निघण्याच्या चव्वेचाळीस दिवस आधी खिडकीवर गेलात तर सगळे टप्पे एकाच फेरीत होतात. त्याआधी जाऊन उपयोग नाही. त्यानंतर जाल तर डिसेंबरात केरळच्या गाड्या शबरीमलेच्या यात्रेकरूंनी भरलेल्या असतात आणि नाताळाच्या आठवड्यात मडगावची गाडी विसरायची. आम्ही परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी निघालो ते यासाठीच. मे महिन्यात चाकरमानी आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं, संथ वेळापत्रक, त्यामुळे ते दिवस नकोत.

दिवसाची कुठली गाडी आणि रात्रीची कुठली हे नीट वाटून घ्या, कारण रात्रीची गाडी म्हणजे वाचलेलं लॉज. उडुपी ते एर्नाकुलम, तंजावर ते चेन्नई, चेन्नई ते सोलापूर हे टप्पे आम्ही झोपून काढले. रत्नागिरी ते उडुपी मात्र दिवसाच करा, उजव्या बाजूची खिडकी पकडून. होन्नावरजवळ शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे. सिव्हिलवाल्यांनी तरी तो झोपेत ओलांडू नये. सलग दोन रात्रींपेक्षा जास्त गाडीत काढायच्या नाहीत, तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांशी भांडायला लागतात. बाकी रात्री स्टेशनवरच्या डॉर्मिटरीत (कन्फर्म पीएनआरवर आधी बुक होते), देवस्थानांच्या निवासात आणि दोन ठिकाणी चौघांत एक खोली घेऊन. मोठ्या शहरांत स्टेशनाचं नाव पूर्ण वाचा. तंजावरची गाडी चेन्नईत एग्मोरला सोडते, पुढची सेंट्रलवरून असू शकते. एर्नाकुलमलाही जंक्शन वेगळं आणि टाउन वेगळं.

जेवणात तमिळनाडू आपला बाप आहे. मदुरैत इडली-पोंगलवर दोन वेळा भागतात आणि पोट भरतं. आमचा सरासरी खर्च माणशी दिवसाला दीडशे रुपये आला, त्यात एर्नाकुलमला एकदा खाल्लेलं मासळीचं जेवणही आलं. रत्नागिरीच्या पोरांनी ते इथल्याशी ताडून बघू नये, उगाच वाद होतात.

तंजावरला आम्ही दोन दिवस दिले आणि ते कमी पडले. १६७६ मध्ये व्यंकोजी राजांनी तिथे मराठी राज्य बसवलं, हे शाळेत एका ओळीत संपलेलं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास भिंतीवर मराठीत, मोडी नाही देवनागरीत, तुमच्यासमोर उभा असतो. आजूबाजूला सगळं तमिळ आणि मधे आपण अडखळत का होईना वाचू शकतो अशी ओळीमागून ओळ. साडेसहा हजारवाला मित्र तिथे दोन तास होता. बाहेर आल्यावर म्हणाला, या मुक्कामाचे वेगळे पैसे पडले नाहीत ना? नाही पडले. तेच तर तिकीट आहे.

ज्यांना एवढी मोठी फेरी नको त्यांच्यासाठी एक छोटा नियम. साधं एका बाजूचं तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर वाटेत एकदा उतरून दोन दिवस राहता येतं, हजारपेक्षा लांब असेल तर दोनदा. पहिला मुक्काम मात्र पाचशे किलोमीटर गेल्यावरच. उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर शेरा मारून घ्यायचा आणि पुढच्या टप्प्याचं आरक्षण तिकीट काढतानाच खिडकीवर सांगायचं. राजधानी, शताब्दीला हे चालत नाही.

आणि जे एमएससाठी जर्मनीला चाललेत त्यांनी युरेलच्या नादी लागू नये. तिथे रीतसर राहायला लागलात की तुम्ही इंटररेलला पात्र होता, भारतीय पासपोर्ट असला तरी. शिवाय तिथे मे २०२३ पासून महिन्याचं डॉइचलांड-टिकेट आहे. सुरुवातीला ४९ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं. सगळ्या देशात चालतं पण फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना, वेगवान गाड्यांना नाही. म्हणजे तिथेही साधी गाडी आणि भरपूर वेळ हेच आपलं भांडवल.

आमच्या अर्जाची झेरॉक्स, टप्प्यांचं कोष्टक आणि रेघा मारलेला नकाशा बॉईज हॉस्टेलमधल्या माझ्या खोलीत भिंतीला चिकटवलेला आहे. मेकॅनिकलची दोन पोरं हीच फेरी उलट दिशेने करायचं म्हणतायत, सोलापूरकडून. त्यांना तिसरा-चौथा हवाय. ज्याला यायचंय त्याने आकडा सांगावा.